'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनिअन्स' हा चित्रपट कसा पाहावा

1954 साली प्रदर्शित झालेला 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनिअन्स' हा कृष्णधवल ब्रिटिश विनोदी चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे, आणि मुलींच्या निवासी शाळेतला धुमाकूळ समजून घ्यायला कोणाच्या मदतीची गरज नाही असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात मराठी प्रेक्षक त्यात अडखळण्याची शक्यता बरीच असते. संवाद भराभर निघून जातात, सट्ट्याचे आणि सरकारी खात्यांचे संदर्भ ध्यानात येत नाहीत, आणि पडद्यावरची पळापळ पाहता पाहता त्यामागचा बारीक विनोद हातून निसटतो. मुलींच्या दंग्यात जेवढे हसू आहे, त्याहून कितीतरी अधिक हसू तो दंगा पाहूनही न विचलित होणाऱ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवर आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढच्या सर्व सूचना त्या मताला धरून केलेल्या आहेत.

सर्वप्रथम आपण योग्य चित्रपट निवडला आहे ना, याची खात्री करून घ्यावी. सेंट ट्रिनिअन्स या काल्पनिक शाळेवर आजवर सात चित्रपट निघाले असून त्यांतला 2007 सालचा रंगीत चित्रपट केवळ शाळेच्या नावाने ओळखला जातो, त्यामुळे शोध घेताना बहुधा तोच आधी समोर येतो. आपल्याला हवा आहे तो फ्रँक लाँडर यांनी दिग्दर्शित केलेला, सिडनी गिलियट यांच्यासह त्यांनी निर्मिलेला आणि शेपर्टन स्टुडिओत चित्रित झालेला पहिला चित्रपट. प्रत मिळाल्यावर दूरदर्शन संचावर चित्र ताणून रुंद करू नये, कारण या चित्रपटातले कित्येक विनोद चौकटीच्या कडेला घडतात आणि चेहरे फुगवटलेले दिसू लागले की त्यांची नजाकत नाहीशी होते. इंग्रजीवर कितीही प्रभुत्व असले तरी इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत. 1950 च्या दशकातले उच्चार, लंडनच्या गल्लीबोळातली बोली आणि एकाच वेळी बोलणाऱ्या दहा-बारा मुली यांपुढे कानांची परीक्षा पाहण्यात अर्थ नाही.

पाहण्याआधी चित्रे पाहावीत

चित्रपट लावण्यापूर्वी अर्धा तास रोनाल्ड सर्ल यांच्या रेखाचित्रांसाठी राखून ठेवावा. ही सूचना ऐच्छिक नाही, असे मी आग्रहाने म्हणेन. सेंट ट्रिनिअन्सची शाळा कादंबरीतून वा नाटकातून आलेली नाही, ती व्यंगचित्रांतून आली आहे, आणि मुलींचे दिसणे, उभे राहणे, अस्ताव्यस्त मोजे, वाकड्या टोप्या आणि निरागस डोळ्यांमागचा खुनशीपणा हे सर्व सर्ल यांच्या लेखणीने आधी ठरवून दिलेले होते.

सर्ल यांचा जन्म 1920 सालचा, केंब्रिजचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांची नेमणूक स्कॉटलंडमधील किर्ककुब्री या गावी झाली, आणि तेथे ओळख झालेल्या एका कुटुंबातील मुली एडिंबरोच्या ज्या शाळेत शिकत होत्या, त्या शाळेच्या नावावरून त्यांना हे नाव सुचले. ती खरी शाळा आपापल्या अभ्यासाची आखणी मुलींवरच सोपवणारी, त्या काळाच्या मानाने पुढारलेली शाळा होती. मुलींवर एवढा विश्वास टाकणाऱ्या शाळेचे नाव कायमचे बेबंदशाहीशी जोडले जावे, हे त्या शाळेचे दुर्दैवच म्हणावे लागेल. पहिले व्यंगचित्र 'लिलिपुट' मासिकात 1941 च्या ऑक्टोबरमध्ये छापून आले. आंतरराष्ट्रीय परिस्थितीमुळे सेंट ट्रिनिअन्सबरोबरचा सामना पुढे ढकलण्यात आला आहे, अशी सूचना फलकावर वाचणाऱ्या मुली त्यात आहेत, आणि रक्तपाताचा मागमूसही नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच, 1942 च्या फेब्रुवारीत, सिंगापूर पडले आणि सर्ल जपान्यांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. चांगीचा तुरुंग आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवरची वेठबिगारी यांतून ते जिवंत परतले, आणि परतताना कैदेत लपवून काढलेली शेकडो चित्रे त्यांनी बरोबर आणली. युद्धानंतर त्यांनी शाळेची मालिका पुन्हा हाती घेतली, तेव्हा तिच्यात विष, सुरे, जाळपोळ आणि छळाची हत्यारे आली होती. दोन्ही काळांतली चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मुलींच्या चेहऱ्यावरची शांतता तीच राहिली असून भोवतीचे जग मात्र बदलले आहे, हे लक्षात येते. चित्रपटाने उचलले आहे ते हेच सूत्र. पडद्यावर अर्थातच रक्त सांडत नाही, कारण लाँडर आणि गिलियट यांना कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगा चित्रपट करायचा होता, आणि या सौम्यपणामुळे सर्ल यांच्या चित्रांतली धार थोडी बोथट झाली आहे हेही मान्य केले पाहिजे.

1954 चे ब्रिटन थोडेसे जाणून घ्यावे

या चित्रपटाला पार्श्वभूमीची फार मोठी तयारी लागत नाही, तथापि चार गोष्टी माहीत असल्या की अर्धे विनोद आपोआप उलगडतात.

त्यांतली पहिली गोष्ट रेशनिंगची. ब्रिटनमधले अन्नधान्याचे रेशनिंग 4 जुलै 1954 रोजी संपूर्णपणे उठले आणि चित्रपट त्याच वर्षीच्या शरदात प्रदर्शित झाला. चौदा वर्षे कुपने मोजून, रांगा लावून, सरकारी आदेश पाळून थकलेल्या प्रेक्षकांसमोर एकही नियम न पाळणाऱ्या मुली आल्या, तेव्हा ते का खदखदून हसले असतील हे समजणे अवघड नाही.

सट्ट्याचा कायदा समजल्याशिवाय तर फ्लॅश हॅरी हे पात्रच कळत नाही. घोड्यांच्या शर्यतीवर रेसकोर्सच्या बाहेर रोख पैसे लावणे ब्रिटनमध्ये तेव्हा बेकायदा होते. सट्ट्याची दुकाने उघडण्याची मुभा 1960 च्या कायद्याने मिळाली आणि ती प्रत्यक्षात 1961 साली उघडली. पत असलेल्या श्रीमंताला टेलिफोनवरून उधारीने पैसे लावता येत, गरिबाला मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या बुकीच्या माणसाकडे चोरून जावे लागे. शाळकरी मुलींचे पैसे झुडपात उभे राहून स्वीकारणारा हॅरी हा असा माणूस आहे. कपाळावर ओढलेली हॅट, लांब कोट आणि पेन्सिलीने रेखावी तशी मिशी हा त्याचा थाट युद्धकाळातल्या काळ्या बाजारातल्या दलालांचा असून, तेव्हाच्या प्रेक्षकाला तो पाहताक्षणी ओळखू येत असे.

निवासी मुलींच्या शाळांवरच्या गोष्टींची परंपराही ध्यानात ठेवावी. अँजेला ब्राझील यांच्या पुस्तकांपासून एनिड ब्लायटन यांच्या मॅलरी टॉवर्स मालिकेपर्यंत हा प्रकार तिथे कमालीचा लोकप्रिय होता, आणि ब्लायटन यांची पुस्तके मुंबई-पुण्याच्या वाचनालयांतून वाचत वाढलेल्या वाचकांना त्यातले जग नवे नाही: मध्यरात्रीच्या गुपचूप मेजवान्या, खेळाच्या मैदानावरची प्रतिष्ठा, खोड्या, पश्चात्ताप आणि शेवटी शाळेच्या नावाचा अभिमान. सेंट ट्रिनिअन्समध्ये यातले सर्व काही आहे, फक्त पश्चात्ताप नाही. इयत्तांबाबत मात्र गोंधळ होऊ देऊ नये. 'फोर्थ फॉर्म'च्या मुली साधारण आपल्या आठवी-नववीच्या वयाच्या, तर 'सिक्स्थ फॉर्म'च्या मुली अकरावी-बारावीच्या असतात, आणि या दोन गटांतले वैर हाच कथेचा कणा आहे.

चौथी बाब शिक्षण मंत्रालयाची. खासगी शाळांवर देखरेख ठेवू पाहणारे सरकारी खाते त्या काळात नवे होते, आणि शाळातपासनीस या प्राण्याची जी धास्ती आपल्याकडच्या जुन्या शाळांनी अनुभवली आहे तिचा अगदी उलटा प्रकार येथे दिसतो, कारण सेंट ट्रिनिअन्सच्या तपासणीला गेलेले अधिकारी परत येत नाहीत. त्यांचे काय होते ते पडद्यावरच पाहावे.

कथेचा धागा हाती धरावा

पहिल्या काही मिनिटांत खूप पात्रे ओळीने येतात, म्हणून कथेचा सांगाडा आधी समजून घेतलेला बरा. मक्याद नावाच्या काल्पनिक देशाचा सुलतान आपल्या मुलीला, राजकन्या फातिमाला, या शाळेत पाठवतो. शाळेच्या परिसरातच त्याच्या 'अरब बॉय' या शर्यतीच्या घोड्याची तालीम चालू आहे. शाळा कर्जात बुडालेली आहे, शिक्षिकांचे पगार थकले आहेत, आणि मुख्याध्यापिका मिलिसेंट फ्रिटन यांचा सट्टेबाज भाऊ क्लॅरेन्स आपली मुलगी अ‍ॅराबेला हिला, पूर्वी शाळेतून काढून टाकलेली असतानाही, पुन्हा शाळेत घुसवतो, कारण त्याला घोड्याची बातमी हवी आहे. मोठ्या मुली क्लॅरेन्सच्या बाजूच्या, लहान मुली घोड्याच्या बाजूच्या, आणि शाळेची उरलीसुरली पुंजी घोड्यावर लागलेली. दुसरीकडे पोलीस खाते आपली एक सार्जंट खेळाची शिक्षिका म्हणून शाळेत पेरते. एवढे ध्यानात ठेवले की पुरे. शर्यतीचा निकाल येथे सांगत नाही.

ही कथा केवळ निमित्त आहे, हे विसरू नये. व्यंगचित्रांना कथानक नसते, म्हणून लाँडर, गिलियट आणि व्हॅल व्हॅलेंटाइन यांनी ते रचले. लाँडर आणि गिलियट यांनी 1938 साली हिचकॉक यांच्या 'द लेडी व्हॅनिशेस'ची पटकथा लिहिलेली होती, त्यामुळे रहस्य बांधण्याची कला त्यांच्या हाती होती, परंतु येथे त्यांनी ती मुद्दाम सैल सोडली आहे. कोणता घोडा कोठे आहे हे क्षणभर कळले नाही, तर चित्रफीत मागे नेऊ नये. दोन मिनिटांत तो घोडा स्वतःच समोर येतो, आणि तोही ज्या जागी घोडा असण्याचे कारण नाही अशा जागी.

सुरुवातीचा एक प्रसंग मात्र मन लावून पाहावा. सुटी संपून मुली शाळेत परतत आहेत एवढ्या बातमीने गावातली माणसे दुकाने लावून घेतात आणि दडून बसतात. मुली अजून नीट दिसलेल्याही नसतात, आणि भीती तेवढी दिसते. संकट न दाखवता संकटाची चाहूल दाखवण्याची ही रीत पुढे चित्रपटभर वापरलेली आहे, म्हणून काय घडले यापेक्षा ते पाहणाऱ्याचा चेहरा कसा झाला इकडे डोळे लावण्याची सवय इथपासूनच करून घ्यावी.

अ‍ॅलस्टर सिम यांच्याकडे कसे पाहावे

मुख्याध्यापिका मिलिसेंट फ्रिटन आणि तिचा भाऊ क्लॅरेन्स या दोन्ही भूमिका अ‍ॅलस्टर सिम यांनी केल्या आहेत, आणि या चित्रपटाचे सर्वांत मोठे धन हेच आहे. त्यामुळे या मुद्द्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे मराठी प्रेक्षकाला परके नाही. बालगंधर्वांनी स्त्रीसौंदर्याचा आणि स्त्रीच्या चालीबोलीचा जो आदर्श रंगमंचावर उभा केला, त्यात भूमिकेशी तादात्म्य पावणे हे साध्य होते. ब्रिटनमध्ये नाताळात होणाऱ्या पँटोमाइम या विनोदी, बोलक्या नाट्यप्रकारात मात्र प्रौढ स्त्रीच्या वेषातला पुरुष आपण पुरुष असल्याचे सतत जाणवू देतो आणि त्यावरच हशा मिळवतो. सिम या दुसऱ्या परंपरेतल्या देशात वाढले असूनही ते तिच्या वाटेला जात नाहीत. त्यांची मिस फ्रिटन ही खरोखरीची बाई आहे: मोत्यांची माळ घातलेली, घराण्याचा आब सांभाळणारी, मायाळू, किंचित दमलेली, आणि व्यवहारात अजिबात न कचरणारी. कोणतेही पात्र तिच्या स्त्रीत्वाविषयी शंका घेत नाही, कॅमेराही डोळा मिचकावत नाही. म्हणून तिला 'वेषांतर केलेला नट' म्हणून पाहणे सोडून द्यावे आणि शाळा चालवणारी एक बाई म्हणून तिचे ऐकावे. असे केले की तिच्या बोलण्यातला खरा विनोद उमगतो, कारण ती शिक्षणाची, स्वातंत्र्याची, मुलींच्या विकासाची तीच भाषा बोलते जी कोणतीही आदरणीय मुख्याध्यापिका बोलेल, आणि ती बोलत असताना रसायनशास्त्राच्या तासाला मुली चक्क जिन गाळत असतात, जी बाटल्यांत भरून विकण्याची व्यवस्था हॅरी पाहतो.

आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. अभिनयाकडे वळण्यापूर्वी सिम एडिंबरोमध्ये वक्तृत्वाचे अध्यापन करीत होते, आणि शब्दावर किती भार द्यावा, वाक्य कोठे सोडून द्यावे, उसासा कोठे टाकावा याची त्यांची जाण विलक्षण आहे. बहीण बोलताना स्वर लांबतात, मऊ होतात. भाऊ बोलताना तेच स्वर आखडतात. दोघे एकाच चौकटीत समोरासमोर येतात तो प्रसंग आला की, दुसऱ्यांदा पाहताना, केवळ कानांनी पाहावा. मेकअप आणि कपडे दूर केले तरी दोन माणसे वेगळी राहतात, हे तेव्हा जाणवते.

मिस फ्रिटनचे संतापणे शोधू नये, कारण ते जवळजवळ नाहीच. ती थकते, हिशेब करते, दुसऱ्याच्या पैशाकडे ममतेने पाहते. तिची शांतता म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तिने परिस्थिती पूर्णपणे स्वीकारलेली आहे. माझ्या मते युद्धातून आणि टंचाईतून बाहेर पडलेल्या एका पिढीचे सर्वांत प्रेमळ चित्र या व्यक्तिरेखेत आहे.

इतर नटांपैकी जॉइस ग्रेनफेल यांना चुकवू नये. सार्जंट रूबी गेट्स ही भाबडी, उंच, अवघडलेली पोलीस स्त्री आपल्या वरिष्ठावर, सुपरिंटेंडेंट केम्प बर्डवर, जीव लावून बसली आहे आणि त्याच्यासाठीच ही जोखीम पत्करते. ग्रेनफेल यांनी युद्धकाळात सैनिकांच्या मनोरंजनासाठी हिंदुस्थानासह अनेक देशांचे दौरे केले होते, आणि रंगमंचावरच्या त्यांच्या एकपात्री प्रयोगांत बालवाडीतल्या शिक्षिकेची व्यक्तिरेखा फार गाजली. त्यांचे हात पाहावेत. मैदानावर खोटा उत्साह दाखवताना ते एक सांगतात आणि डोळे दुसरेच सांगतात. हॅरीची भूमिका करणारे जॉर्ज कोल हे किशोरवयात, युद्धकाळात, सिम दांपत्याच्या घरी राहिले आणि अभिनय सिम यांच्याजवळ शिकले. मिस फ्रिटन आणि हॅरी यांच्यातल्या बोलण्याचा सहजपणा पाहताना ही माहिती मनात असावी. शिक्षिकांच्या खोलीत हर्मायनी बॅडली, आयरीन हँडल, बेरिल रीड आणि जोन सिम्स अशा एकाहून एक नट्या भरलेल्या आहेत, आणि प्रत्येकीला वाट्याला आलेली मिनिटे थोडी असल्याने तिथले प्रसंग डोळ्यांत तेल घालून पाहावेत.

संगीत माल्कम अर्नोल्ड यांचे आहे. शाळेच्या गीताची चाल मनात ठेवावी, कारण ती वेगवेगळ्या सोंगांत परत परत येते, आणि हॅरी चालू लागला की वाद्यमेळ त्याच्या पावलांशी कशी जोडी जमवतो ते ऐकावे. याच अर्नोल्ड यांना पुढे 1957 सालच्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या संगीतासाठी ऑस्कर मिळाले. तो चित्रपट ज्या रेल्वेवर आधारलेला आहे, त्याच रेल्वेवर सर्ल कैदी म्हणून राबले होते.

खटकणाऱ्या गोष्टींबद्दल

हा चित्रपट सत्तरीच्या पुढे गेलेला आहे, त्यातल्या काही गोष्टी आज खटकतात, आणि त्या खटकू द्याव्यात. सुलतान आणि त्याचा दरबार हे पूर्वेकडच्या देशांविषयीच्या आळशी कल्पनांचे गाठोडे आहे. मात्र त्याच प्रसंगांत इंग्लंडने स्वतःवरही वार केलेला आहे: इंग्रजी शाळेच्या नावाचा दबदबा पाहून दूरदेशीचा राजा आपली मुलगी विश्वासाने सोपवतो आणि त्याला मिळते सेंट ट्रिनिअन्स. आपल्याकडच्या संस्थानिकांनीही मुले इंग्रजी शाळांच्या स्वाधीन केली होती, त्यामुळे हा टोला मराठी प्रेक्षकाला नेमका कळावा. 'सिक्स्थ फॉर्म'च्या मुलींना मोहक तरुणी म्हणून दाखवणे आणि सरकारी पुरुषांनी त्यांच्यापुढे पाघळणे हा भाग मला त्याहून अधिक अप्रिय वाटतो. पुढच्या चित्रपटांत तो वाढत गेला, आणि सर्ल यांच्या मूळ चित्रांतल्या लहान, ओबडधोबड, भयंकर मुलींवर त्याने अन्याय केला.

मुलांसोबत पाहणार असाल तर दारू, सिगारेट आणि जुगार यांविषयी प्रश्न येतील हे गृहीत धरावे. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना हा चित्रपट आवडण्यास अडचण नाही, मात्र बुकी म्हणजे काय हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे मध्येच चित्रपट थांबवावा लागत नाही.

पुढे काय पाहावे

शक्य असल्यास 1950 सालचा 'द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ' या चित्रपटाच्या आधी पाहावा. जॉन डाइटन यांच्या नाटकावर आधारलेल्या, लाँडर यांनीच दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मंत्रालयाच्या चुकीने मुलींची एक शाळा मुलांच्या शाळेत येऊन धडकते. सिम तेथे मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत आणि त्यांच्यासमोर मार्गारेट रदरफोर्ड उभ्या ठाकतात. रचनेच्या दृष्टीने तो सेंट ट्रिनिअन्सपेक्षा सरस आहे, असे मला वाटते. नंतर 1957 सालचा 'ब्लू मर्डर अ‍ॅट सेंट ट्रिनिअन्स' घ्यावा, पण त्यात सिम फार थोडा वेळ दिसतात हे ठाऊक ठेवूनच. 1960 सालच्या तिसऱ्या चित्रपटात ग्रेनफेल शेवटच्या दिसतात, आणि 1966 सालच्या चौथ्यात रंग येतो आणि कोल निरोप घेतात. 1980 सालचा पाचवा चित्रपट सोडून दिला तरी चालेल. 2007 सालच्या नव्या अवतारात रूपर्ट एव्हरेट यांनी मुख्याध्यापिका आणि तिचा भाऊ ही जोडी पुन्हा एकट्याने साकारली आहे. तो पाहायचा असल्यास मूळ चित्रपट दोनदा पाहून झाल्यावर पाहावा, म्हणजे सिम यांनी जे केले नाही ते एव्हरेट कोठे करतात हे सहज टिपता येते.